अंगठ्यांनी लिहिण्याचे दिवस

१/ इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, मोडी रुमाल, फार तर एखादे जुने नाणे येते. आज ज्या साधनाविषयी लिहितो आहे, ते माझ्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात पडून आहे. त्याला वीस वर्षेही झाली नाहीत. पण ज्या जगासाठी ते घडवले गेले, ते जग संपले आहे. पूर्ण कळफलक असलेला हा एक स्मार्टफोन. थ्रेड लांब आहे, सावकाश वाचा.

२/ तुमच्यापैकी अनेकांनी असा फोन हाताळलाही नसेल. वर लहानसा पडदा, खाली इंग्रजी अक्षरांच्या चिमुकल्या कळा. फोन दोन्ही हातांत धरायचा आणि अंगठ्यांनी लिहायचे. वकील, बँकर, बातमीदार, विक्री अधिकारी अशा फिरतीवरच्या माणसांचे हे सुमारे पंधरा वर्षे मुख्य हत्यार होते. मीही त्यांतलाच, पाण्याच्या पंपांच्या निविदा घेऊन महापालिकांचे उंबरठे झिजवणारा.

३/ आरंभ १९९६ पासून करू. त्या वर्षी नोकियाने ९००० कम्युनिकेटर बाजारात आणला. बाहेरून तो जाडजूड मोबाइल. पण चष्म्याच्या डबीसारखा उघडला की आत आडवा करडा पडदा आणि संपूर्ण कळफलक. वजन ३९७ ग्रॅम. आत इंटेलचा ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ८ मेगाबाइट स्मृती. फॅक्स, ईमेल, दिनदर्शिका, इंटरनेट हे सारे एका वस्तूत. कचेरी खिशात आली असे लोक म्हणू लागले. मात्र त्यासाठी खिसाही तेवढा मोठा हवा होता.

४/ त्याची खरी अडचण मात्र वजनाची नव्हती, वेगाची होती. तेव्हाच्या जीएसएम जाळ्यावर माहिती सेकंदाला ९,६०० बिट या गतीने वाहत असे. गणित करून पाहा : एक मेगाबाइटची फाईल उतरवायला सुमारे चौदा मिनिटे, तीही जोडणी मध्येच तुटली नाही तर. शिवाय हा काळ फोन कॉलसारखा मोजला जाई. आपल्याकडे तर मोबाइल सेवाच ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झालेली. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. असे यंत्र इथे अगदी मोजक्यांच्या हाती होते.

५/ या कोंडीतून वाट काढली ती कॅनडातील वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने. माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी ती १९८४ मध्ये स्थापन केली होती. १९९९ मध्ये तिने ब्लॅकबेरी ८५० आणला. दिसायला पेजर, चालायला एक साधा पेन्सिल सेल, बोलण्याची सोय नाहीच. त्यात एकच गोष्ट उत्तम होत होती : ईमेल.

६/ ती कशी, हे नीट समजून घ्यायला हवे. तोवर मेल पाहायची तर यंत्राने सर्व्हरला फोन लावायचा आणि विचारायचे, 'माझे काही आले आहे का?' म्हणजे रोज टपाल कचेरीत जाऊन खिडकीवर चौकशी करणे. ब्लॅकबेरीने पोस्टमन दारात आणला. कंपनीच्या कचेरीतला एक सर्व्हर नव्या मेलवर लक्ष ठेवी, तो मेल कूटबद्ध करी आणि रिसर्च इन मोशनच्या केंद्रामार्फत तुमच्या यंत्रापर्यंत ढकलून देई. यंत्र एरवी जवळजवळ झोपलेले असे, म्हणून बॅटरी टिके.

७/ या व्यवस्थेची परीक्षा ११ सप्टेंबर २००१ रोजी झाली. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये मोबाइलवर कॉल लागेनासे झाले. पण स्वतंत्र डेटा जाळ्यावरून जाणारे ब्लॅकबेरीचे लहान संदेश पोहोचत राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना ही यंत्रे देण्यात आली. एका व्यापारी वस्तूला राज्यव्यवस्थेत स्थान मिळाले ते असे.

८/ आता गुण. पहिला गुण बोटांचा. काचेवर लिहिताना डोळा अक्षरावर ठेवावा लागतो; उठावदार कळा अंगठ्याला आपापली जागा सांगतात. महिनाभरात मी न पाहता लिहू लागलो. ब्लॅकबेरीवर दोनदा रिकामी जागा दाबली की पूर्णविराम आपोआप पडे आणि पुढचे अक्षर मोठे होई. यादीत 'टी' दाबले की सर्वांत वर, 'बी' दाबले की सर्वांत खाली. कळफलक नुसता लिहिण्यासाठी नव्हता, वाट दाखवण्यासाठीही होता.

९/ दुसरा गुण म्हणजे हळूहळू आलेला समतोल. २००२ चा ब्लॅकबेरी ५८१० फोन होता खरा, पण कानाला तार जोडल्यावाचून बोलता येत नसे. त्याच वर्षी हँडस्प्रिंगने ट्रिओ १८० आणला आणि २००३ मध्ये ट्रिओ ६००. पाम यंत्राची दिनदर्शिका आणि फोन यांचा हा चांगला संसार. दोष एकच, पण मोठा : ट्रिओ ६०० ची बॅटरी पूर्ण उतरली तर आतली माहितीही जाई. पुढच्या ट्रिओ ६५० मध्ये तो दूर झाला.

१०/ २००८ चा नोकिया ई७१ हा या वंशातला देखणा वारस. जाडी सुमारे १० मिलिमीटर, वजन १२७ ग्रॅम, बॅटरी १५०० एमएएच. त्यात एक सोय होती, तिचे मला आजही नवल वाटते : कामाचा आणि खासगी असे दोन मुखपडदे. एक कळ दाबली की कचेरी अदृश्य, घर हजर. पडद्यावर ते जमत होते. माणसावर जमत नव्हते.

११/ कारण दोष इथूनच सुरू होतो. पूर्वी कचेरीचे कुलूप लागले की काम थांबे. आता जेवणाच्या ताटाशेजारी लाल दिवा लुकलुकू लागला. २००६ मध्ये अमेरिकेतील वेबस्टर्स न्यू वर्ल्ड या शब्दकोशाने 'क्रॅकबेरी' हा वर्षाचा शब्द ठरवला. मादक पदार्थाचे नाव आणि यंत्राचे नाव यांचा तो संकर. आमच्या घरी त्याला साधा मराठी शब्द होता. आई त्याला 'सवत' म्हणे, आणि बायकोकडे पाहून हसे. बायको हसत नसे.

१२/ दुसरा दोष तांत्रिक, आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर. ही यंत्रे मजकुरासाठी घडवली होती, कागदपत्रांसाठी नव्हे. लांब मेलचा आधी सुरुवातीचा तुकडाच येई. पुढचे हवे तर मागावे लागे. जोडलेला तक्ता उघडे, पण बोटभर रुंदीच्या पडद्यावर एका वेळी दोन-तीन रकाने. म्हणजे उत्तर देणे अतिशय सोपे, आणि ज्याला उत्तर द्यायचे ते संपूर्ण पाहणे अतिशय कठीण. या विषमतेची किंमत मी पाहिली आहे.

१३/ जानेवारी २००९. मुंबईची बैठक संपवून डेक्कन क्वीनने पुण्याला परतत होतो. निविदा भरण्याची शेवटची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने दरांचा तक्ता पाठवला. चौदा रकाने. मेलमध्ये त्याने लिहिले होते, 'सर, शेवटचे दोन रकाने एकदा बघाल का? मला खात्री नाही.' ते वाक्य मेलच्या शेवटी होते. मी तिथवर गेलो नाही. एकूण रक्कम पाहिली, ती अपेक्षेइतकी वाटली, आणि अंगठ्याने दोन शब्द लिहिले : 'ओके. पाठव.'

१४/ कर्जतला मागून इंजिने जोडली गेली आणि गाडी घाटात शिरली. बोगद्यांमुळे सिग्नल गेला. माझे उत्तर लोणावळ्यापर्यंत फोनमध्येच अडकून राहिले. त्या वेळात ते रद्द करता आले असते, तक्ता पुन्हा उघडता आला असता. मी मात्र ते कधी सुटते याचीच वाट पाहत होतो. लोणावळ्याला खूण उमटली आणि मी समाधानाने डोळे मिटले.

१५/ निविदा आम्हालाच मिळाली, कारण आमचा दर सर्वांत कमी होता. तो कमी होता, कारण जकातीचा रकाना बेरजेत धरलेलाच नव्हता. ती रक्कम आमच्या नफ्याहून मोठी होती. बैठकीत साहेबांनी विचारले, 'तक्ता कोणी केला?' त्या मुलाने मान खाली घातली. 'मंजूर कोणी केला?' हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही तो स्वतःहून मांडला नाही.

१६/ तीन आठवड्यांनी त्याने नोकरी सोडली. त्यानंतर मी साहेबांना माझे दोन शब्द आणि त्याचे ते शेवटचे वाक्य दाखवले. ते म्हणाले, 'जाऊ द्या हो, प्रवासात होतात तुम्ही.' माझ्या प्रत्येक मेलखाली 'मोबाइलवरून पाठवले आहे' अशी ओळ आपोआप उमटत असे. तीच ओळ साहेबांनी मला माफीपत्र म्हणून परत केली. त्या मुलाच्या मेलखाली तशी ओळ नव्हती. तो टेबलाशी बसून काम करत होता. दोष यंत्राचा नव्हता. यंत्राने मला घाई करण्याची सोय दिली, एवढेच.

१७/ पुन्हा इतिहासाकडे. पोस्टमन दारात येतो हे खरे. पण सगळे पोस्टमन एकाच कचेरीतून निघत असतील तर? १० ऑक्टोबर २०११ रोजी रिसर्च इन मोशनच्या व्यवस्थेत एक मुख्य स्विच बिघडला. युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका, भारत आणि पुढे अमेरिका खंडातही सेवा कोलमडली. ती सावरायला तीन-चार दिवस गेले. त्याआधी २०१० मध्ये कूटबद्ध संदेश सुरक्षायंत्रणांना वाचता यावेत म्हणून भारत सरकारने कंपनीला ३१ ऑगस्टची मुदत दिली होती. एककेंद्री व्यवस्थेचे बळ आणि मर्म एकाच जागी असते.

१८/ कळफलकाचा अंत मात्र या कारणांनी झाला नाही. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी आयफोन दाखवताना पडद्यावर चार फोन मांडले : मोटोरोला क्यू, ब्लॅकबेरी, पाम ट्रिओ आणि नोकिया ई६२. आक्षेप साधा होता. या कळा गरज असो वा नसो, जागा अडवून बसतात आणि एकदा साच्यात ओतल्या की बदलत नाहीत. तेव्हा आम्ही हसलो. काचेवर कोणी लिहिते का?

१९/ आज मराठी वाचक म्हणून तो आक्षेप मला अधिक पटतो. त्या कळांची मांडणी टंकयंत्राकडून आलेली. १८७४ मध्ये विक्रीस आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यंत्रापर्यंत तिचे मूळ जाते. माझ्या फोनवर कोरलेली अक्षरे सव्वीस, सगळी रोमन. म्हणून आम्ही मराठी रोमनमध्ये लिहू लागलो. के-ए-एल लिहिले की काल, काळ, कळ, कल यांपैकी काहीही. 'ळ' गेला, 'ण' गेला. काचेने अचूक अंगठे हिरावले, पण देवनागरी परत दिली. हा थ्रेड मी त्याच काचेवर लिहितो आहे.

२०/ आता तुमच्यासाठी, जे उद्या अभिलेखागारात बसणार आहेत. मराठी पत्राच्या शेवटी 'बहुत काय लिहिणे' दिसले, की तो शिरस्ता आहे हे तुम्हाला कळते. लेखकाचे मौन म्हणून तुम्ही ते वाचत नाही. या काळातली ईमेल दफ्तरे उघडाल तेव्हाही तेवढेच भान ठेवा. 'ओके' हा शब्द दिसला की लगेच संमती समजू नका. तो कोणत्या पडद्यावर लिहिला गेला, त्या पडद्यावर किती दिसत होते, हे आधी विचारा. आणि ज्याच्या नावावर चूक नोंदली आहे, त्याचा मूळ मेल शेवटपर्यंत वाचा.

२१/ ४ जानेवारी २०२२ रोजी ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांना आधार देणारी सेवा कायमची बंद झाली. माझ्या डब्यातला फोन दुसऱ्या घराण्यातला. तोही आता सुरू होत नाही. 'ओ' आणि 'के' या दोन्ही कळांवरची अक्षरे पार पुसली आहेत. बाकीची अजून वाचता येतात.

२२/ तुमच्या घरी आई-वडिलांचा असा फोन असेल तर फेकू नका. बॅटरी काढून वेगळी ठेवा, ती फुगते. आणि जमलेच तर त्यांना विचारा, की यावर त्यांनी घाईत काय काय मंजूर केले होते. पुढचा थ्रेड लवकरच.