फोटोतली माणसं

२००६ सालचा सात डिसेंबर. ऑफिसात साहेबानं पेपर माझ्यापुढं सरकवला. शिवाजी पार्कातल्या कचऱ्याचा फोटो. "बघ, तुमच्या लोकांनी काय करून ठेवलंय!"

मी हसलो. दोस्तहो, खोटं कशाला सांगू, हसलोच.

त्याच गर्दीत माझी आई होती. परभणीहून आलेली, भाकऱ्या बांधून, तिकीट काढून. मी तिला दादर स्टेशनावरच भेटलो. मैदानाकडं फिरकलो नाही. घाण असते, दंगा होईल. हे मला सांगितलं कुणी? पेपरानंच.

त्याच साली २९ सप्टेंबरला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली, तर मोठ्या पेपरांना जाग यायला महिना लागला. ३० नोव्हेंबरला डेक्कन क्वीन पेटली, ती दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर. माणसांपेक्षा डबे महाग! १९२० साली 'केसरी'नं 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नव्हती. तेव्हा आपण पेपरात नव्हतोच. आता असतो, कचऱ्यासकट.

पुस्तकांच्या दुकानांपुढच्या गर्दीचा फोटो त्या पेपरात नव्हता. संध्याकाळी आईला गाडीत बसवायला गेलो. तिच्या पिशवीत चार पुस्तकं. तिला अक्षर येत नाही.

"नातवाला," म्हणाली. "तू का नाही आलास रं?"