खुलताबादेस सुचलेला शस्त्रविचार

दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला, की खुलताबादची जुनी तटबंदी दृष्टीस पडते. बहुतेक यात्रेकरू भद्रा मारुतीच्या शयनस्थ मूर्तीचे दर्शन घेऊन पुढे वेरुळास उतरतात. इतिहासाची गोडी असणाऱ्याने मात्र दोन स्थळे अवश्य पाहावी. एक औरंगजेबाची उघड्या आकाशाखालील कबर, आणि दुसरी गावाबाहेरील मलिक अंबरची घुमटी.

या घुमटीपाशी आमच्यासोबतच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, “मास्तर, रानावनात वर्षानुवर्षे काढावयाची, आणि जवळ एकच लहान हत्यार बाळगावयाचे, तर कोणते घ्यावे?” त्याच्या मनात पिस्तूल होते. प्रश्न पोरकट वाटला, तरी स्थळास तो शोभणाराच होता.

केवळ यंत्राचा विचार केला, तर पिस्तुलाहून रिव्हॉल्व्हर बरे. 1836 साली अमेरिकेत कोल्टने त्याचे पेटंट घेतले. आजच्या रिव्हॉल्व्हरात एखादे काडतूस न उडाले, तर चाप पुन्हा ओढावा; चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. खटक्याच्या पिस्तुलात मात्र अडकलेले काडतूस दोन्ही हातांनी काढावे लागते. आपल्याकडे परवानाधारकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्यात .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर तयार झालेले आहे.

परंतु शंभर काडतुसे संपल्यावर काय? रानात ती उगवत नाहीत, आणि बिघडलेला चाप गावच्या लोहारास दुरुस्त करता येत नाही. तोड्याच्या जुन्या बंदुकीची दारू सोरा, गंधक व कोळसा यांपासून करता येई, शिसे वितळवून गोळ्याही ओतता येत. पण पावसाची सर आली, की तोडा विझे. म्हणजे जे हत्यार जितके कुशल, तितके ते दूरच्या पुरवठ्याचे मिंधे.

आपल्या धनुर्वेदात आयुधांचे वर्ग सांगितले आहेत. यंत्राने सोडले जाणारे ते यंत्रमुक्त, हाती धरूनच वापरावयाचे ते अमुक्त, आणि फेकूनही पुन्हा आपल्या हाती येणारे ते मुक्तसंधारित. मराठी स्वारांचा विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, या शेवटच्या जातीचा होय. फेकला तरी दोरी ओढून परत येतो, दारू मागत नाही, पावसास भीत नाही, आणि त्याची काठी मोडल्यास रान दुसरी देते. दीर्घ वनवासास हेच खरे सोबती.

या दोन कबरी हेच सांगतात. औरंगजेब 1681 साली दक्षिणेत उतरला तो प्रचंड तोफखाना घेऊन. पण तोफांना बैल, बैलांना वैरण, आणि या सर्वांना रसद हवी. मराठ्यांनी ती रसदच तोडली. 1707 साली अहमदनगरास त्याचा अंत झाला, तेव्हा दक्षिण जिंकून झालेली नव्हती. मलिक अंबरने उलट मार्ग धरला होता. हलके घोडदळ, डोंगरांचा आश्रय आणि शत्रूच्या रसदेवर घाला ही त्याची रीत. 1624 साली भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलाने अडविली. 1626 मध्ये तो वारला, आणि त्याची रीत पुढे मराठ्यांनी पूर्णत्वास नेली.

आज तरुणांनी हा विचार कायद्याच्या मर्यादेतच करावा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक-पिस्तुलास परवाना लागतो, आणि 1972 च्या वन्यजीव अधिनियमाने शिकारीस मनाई आहे. जवळच्या गौताळ्याच्या अभयारण्यात जाणाऱ्याने पाणी, काठी, दिवा आणि वाटाड्या एवढेच न्यावे.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास उत्तर इतकेच, की आयुधाची शक्ती पाहण्याआधी त्याची भूक पाहावी. ज्याची भूक आपल्या मुलखात भागते, तेच आयुध भरवशाचे.