मिनिटांचा भाव

कॅलिफोर्नियात 91 क्रमांकाच्या महामार्गावर डिसेंबर 1995 पासून वेळ विकायला ठेवलेला आहे. ऑरेंज काउंटीतला 16 किलोमीटरचा पट्टा. मधोमध पैसे भरून जायच्या लेन, बाजूला फुकटच्या. दोहोंमध्ये भिंत नाही, नुसती प्लास्टिकच्या खांबांची रांग. टोलनाकाही नाही, काचेला लावलेल्या यंत्रातून पैसे परस्पर कापले जातात. दर वारानुसार आणि तासागणिक वेगळा. शुक्रवारी दुपारी घरी परतायच्या दिशेला तो भलताच चढतो.

अर्थशास्त्रज्ञांना ही आयती प्रयोगशाळाच मिळाली. स्मॉल, विन्स्टन आणि यान या तिघांनी 2005 साली इथल्या वाहनचालकांचा अभ्यास मांडला. वाचलेल्या वेळेला लोक बरीच मोठी किंमत देतात, हे त्यात दिसलंच. पण वेळेवर पोचण्याच्या भरवशालाही ते चांगले पैसे मोजतात, आणि माणसामाणसात याबाबत फार फरक असतो.

माझी भाची याच रस्त्याने कामावरून घरी जाते. गाडी जुनी, पगार बेताचा. अशा लेनना तिकडे चेष्टेने ‘लेक्सस लेन’ म्हणतात, ते ऐकून ती वैतागते. “मामा, मी मिनिटं नाही हो विकत घेत. सहाच्या आत पाळणाघरात पोचणार, एवढंच घेते.” सहानंतर पाळणाघर मिनिटामिनिटाचा दंड लावतं. ज्या दिवशी मुलाला नवरा आणणार असतो, त्या दिवशी तीच बाई फुकटच्या लेनमध्ये गाणी ऐकत निवांत रांगते. म्हणजे तिच्या तासाची किंमत काढायची तर कुठल्या वारची काढायची? मुंबईत टॅक्सीवाला “सी लिंकने घेऊ?” असं विचारतो, तेव्हा आपणही आधी खिसा चाचपत नाही, घड्याळ बघतो.

या धंद्यातली खरी गोम मात्र करारात होती. लेन बांधणाऱ्या खासगी कंपनीने कलम घालून घेतलं होतं, की शेजारचा फुकटचा रस्ता सरकारने रुंद करायचा नाही. बरोबरच आहे, शेजारी कोंडी नसेल तर मोकळी लेन घेणार कोण! लोक चिडले. शेवटी 2003 मध्ये काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने 20 कोटी 75 लाख डॉलर मोजून त्या लेन घेतल्या, तेव्हा कुठे ते कलम सुटलं.

2017 साली या लेन पुढे रिव्हरसाइड काउंटीत वाढवल्या. तिथला टोल वेगळा. भाची पहिला टोल डोळे मिटून भरते, दुसऱ्याचं मात्र काउंटीच्या हद्दीवर पोचल्यावर, घड्याळ बघून ठरवते.