मर्यादा आणि मागणी

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु अंथरूण खरोखरच अपुरें पडलें तर काय करावें, हें ती म्हण सांगत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या विज्ञान मंडळाच्या कामांत नेमका हाच प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला.

दूर ठिकाणच्या संगणकांची शक्ति इंटरनेटद्वारां वापरण्याच्या सोयीला क्लाउड म्हणतात. गूगल क्लाउडवर प्रत्येक काम एका ‘प्रोजेक्ट’मध्यें चालतें. प्रोजेक्ट म्हणजे जणूं एक स्वतंत्र खोली. तिचें सामान निराळें, हिशेब निराळा आणि किल्ल्याही निराळ्या. एका खात्याला अशा किती खोल्या मिळाव्या, यास मात्र मर्यादा असते. मागील वर्षाचे चार प्रोजेक्ट होते. यंदाच्या आठ गटांपैकीं सहा गटांची सोय झाली, आणि मर्यादा संपली. प्रदर्शनाला अवघे तीन आठवडे उरले होते.

जुने प्रोजेक्ट काढून टाकावे, असें कोणीहि सुचवील. परंतु बंद केलेला प्रोजेक्ट ३० दिवस परत मिळण्याजोगा राहतो आणि तोंपर्यंत मर्यादेंत मोजलाही जातो. दोन गटांना एकाच खोलींत बसवावें, तर एकाच्या हातून दुसऱ्याचें काम पुसलें जाण्याचें भय. सातवा गट पावसाळाभर रोजच्या पर्जन्यमानाची नोंद करीत आला होता. तें श्रम पुन्हां करतां येण्यासारखे नव्हते. दुसऱ्या नांवानें खातें उघडून नियमाला बगल देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. राहिला मार्ग अर्जाचा.

अर्जांत विचारणा असते : आणखी किती प्रोजेक्ट हवेत, आणि त्यांत मोफत सेवा वापरणार कीं पैसे देऊन घ्यावयाच्या. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, वीस मागूं या. कापले तरी दहा मिळतील.” बाजारांतील घासाघिशीची ही संवय आपल्या सर्वांच्याच अंगवळणीं पडलेली आहे. मीं त्यास विचारलें, “उरलेल्या खोल्यांत काय ठेवणार?” त्यास उत्तर सुचेना. मर्यादा केवळ अडविण्यासाठीं नसते. चुकून चालू राहिलेल्या कामाचें भलतें बिल येऊं नये, कोणीं सेवेचा गैरवापर करूं नये, म्हणूनही ती असते.

मग मीं उरलेल्या दोन्ही गटांना आपली गरज एकेका वाक्यांत लिहावयास सांगितलें. पर्जन्यमानाच्या गटानें तें सहज लिहिलें. आठवा गट पक्ष्यांच्या चित्रांचा संग्रह करीत होता. त्यांतील एक मुलगी बराच वेळ कागदाकडे पाहत बसली आणि म्हणाली, “सर, आमचें काम शाळेच्या संगणकावरही होईल. सर्वांना मिळाला, म्हणून आम्हांलाही हवा होता.” हें बोलणें सोपें नव्हतें, तिच्या सोबत्यांचे चेहरे क्षणभर उतरले होते. पण त्यांनीं तिचें म्हणणें मानलें.

आम्हीं एकच प्रोजेक्ट मागितला, कारण लिहिलें, आणि कांहीं दिवसांनीं तो मंजूर झाला. प्रदर्शनांत पर्जन्यमानाचा तक्ता व पक्ष्यांचा संग्रह शेजारीं शेजारीं मांडले होते. पाहणाऱ्या पालकांना दोहोंत कांहीं उणेंअधिक दिसलें नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, मागण्यांत कमीपणा नाहीं. मात्र मागण्यापूर्वीं आपली गरज स्वतःच्या हातानें एका वाक्यांत लिहून पाहावी. जें लिहितां येतें, तें निःसंकोच मागावें. जें लिहितां येत नाहीं, त्यावांचून आपलें चालतें असें समजावें.