विचारून घेतलेली वेळ

संगणकानं वेळ बाहेर विचारावी, हे मला बरीच वर्षं खपत नव्हतं. न्हावऱ्यात माझं सातबारे आणि ऑनलाइन अर्ज काढून देण्याचं दुकान. जुन्या मशीनचा सीमॉसचा सेल उतरलेला. लाईट गेली की तारीख थेट मागच्या कुठल्यातरी सालात, आणि मग एकही सरकारी साइट उघडायची नाही. त्या तारखेला तिचं सुरक्षा-प्रमाणपत्र सुरूच झालेलं नसतं. मी मनगटावर बघून वेळ लावायचो.

भाच्यानं छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. मशीन चालू झालं की ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरला वेळ विचारायची. मी ती बंद केली. वर गिऱ्हाइकांना ऐकवायचो, की प्रमाणवेळ मिर्झापूरकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाची, आपल्याकडं सूर्य अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो. मुंबईनंसुद्धा १९०६ नंतर आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. खरं कारण इतकं भारदस्त नव्हतं. कालच्या पोराकडून शिकायची मला लाज वाटत होती.

तो भांडला नाही. मला माझ्या पद्धतीनं वेळ लावू दिली आणि सर्व्हरशी किती फरक पडतो ते स्क्रीनवर छापत ठेवलं. मी दीड मिनिट पुढं होतो. तेही मी पचवलं असतं. पण शेजारी आणखी एक आकडा होता, तो कसला म्हणून विचारलं. म्हणाला, उत्तर इथं पोचेपर्यंत शिळं होतं ना! म्हणून प्रश्न निघाला कधी, तिथं पोचला कधी, उत्तर निघालं कधी, इथं आलं कधी, या चार वेळांवरून वाटेत गेलेला वेळ काढायचा आणि जाता-येता तो सारखाच लागला असं धरायचं. तसं नसेल तर चूक राहते, पण ती जास्तीत जास्त किती, याचाही हिशेब असतो. डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८५ साली ही पद्धत मांडली.

मी त्या आकड्यांकडं बघत राहिलो. ज्याला मी दिल्लीचा हुकूम समजत होतो, त्यात स्वतःच्या चुकीला आधीच जागा होती. माझ्यात नव्हती. मग भाच्यानं सहज विचारलं, "मामा, हातातलं घड्याळ कशावरून लावता?"

याच संगणकावरून.

सेल बदलला, तरी स्क्रिप्ट चालू ठेवली आहे. पत्र्याच्या दुकानात उन्हाळ्यात मशीनमधलं क्वार्ट्झचं घड्याळही थोडं भरकटतंच.