कोपरातली नाडी

आमच्या टेबलावर आलेला माणूस पन्नाशीचा असावा. तळहातांना घट्टे पडलेले, दंडावर मारुती गोंदलेला. सरकारी दवाखान्यात वारला आणि न्यायला कुणी आलं नाही. असे बेवारस देह मेडिकल कॉलेजांना देण्याची तरतूद आपल्या राज्याच्या १९४९च्या अॅनॅटमी अॅक्टमध्ये आहे. त्या वाटेने तो आमच्यापर्यंत पोचला.

पहिल्या दिवशी फॉर्मालिनने डोळे झोंबत होते. एकीला भोवळ आली. दोघंतिघं उगाच मोठमोठ्याने विनोद करत होते. देहाचं काहीतरी नाव ठेवू या, अशीही टूम निघाली. डिसेक्शन हॉलमधले मामा म्हणाले, ‘‘त्याला नाव आहे रे पोरांनो. आपल्याला माहीत नाही, एवढंच.’’ तो विषय तिथेच संपला. त्या विनोदांचा मला आज राग येत नाही. नुकती बारावी झालेली मुलं, मेलेल्या माणसाच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभी होती. कुणाची भीती हसण्यातून निघाली, कुणाची जेवणावर. साबणाने कितीही घासलं तरी हाताचा वास जाईना, आणि मेसमधला घास उतरेना.

सुरुवात हातापासून झाली. दंडातली मोठी धमनी, ब्रेकियल आर्टरी, कोपराच्या खळग्यापर्यंत एकसंध येते आणि तिथे तिचे दोन फाटे होतात, असं चौरसियांच्या पुस्तकात आम्ही पाठ केलेलं. आमच्या माणसाची धमनी काखेपासून थोड्याच अंतरावर दुभंगली होती. एक फाटा कातडीलगत, थेट शिरेच्या शेजारून कोपरात उतरला होता. आम्ही गोंधळलो. मॅडमनी फोर्सेप्सने तो अलगद उचलला आणि सगळ्या टेबलांवरच्या मुलांना बोलावलं. ‘‘काही माणसांत हे असंच असतं. शीर समजून यात इंजेक्शन द्याल, तर पेशंटची बोटं काळी पडतील. सुईआधी बोट ठेवा. उडतेय का बघा.’’

पुढे वॉर्डात एका बाईंच्या कोपरात छान टपोरी शीर दिसली. बोट ठेवलं, तर खाली ठोके लागत होते. सलाईन दुसऱ्या हाताला लावलं. काय टळलं हे त्या बाईंना कळलंही नाही. त्यांची बोटं वाचवली ती त्या मारुती गोंदलेल्या दंडाने.

आता अनेक कॉलेजांत मुलं डिसेक्शनआधी देहासमोर शपथ घेतात, दात्याचे आभार मानतात. हे मला मनापासून आवडतं. हिंगोलीकडच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचा देह २०१० साली दिल्लीच्या एम्सला गेला, तो त्यांच्याच इच्छेने. अशा माणसांपुढे हात जोडावेतच. पण आमच्या माणसाने कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो दाता नव्हता. आम्ही घेणारे मात्र होतो. म्हणून दात्यांच्या उपकारांपेक्षा त्याचं ऋण मला जड वाटतं, आणि शपथेत त्याच्यासाठी वेगळी ओळ असायला हवी असं मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो.

देहदानाचा फॉर्म मीही भरलाय. नातेवाईक म्हणून सही करायला बायकोने बराच वेळ घेतला. मुलाने अजून केलेली नाही. मी त्याच्यामागे लागलेलो नाही, लागणारही नाही.