गच्चीवर पोलीस नसतो

मित्रांनो, नागपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? संत्री! अगदी बरोबर. मग संत्राबर्फी, दीक्षाभूमी, अंबाझरीचा तलाव आणि मे महिन्यातलं भाजून काढणारं ऊन. पण आज मी तुम्हाला जानेवारीतलं नागपूर दाखवणार आहे, आणि तेही एका वेगळ्याच वाटेनं. या वाटेवर आपल्याला जागोजाग खाकी कपड्यांतली माणसं भेटतील. घाबरू नका, कुणी आपल्याला पकडायला येत नाहीये! २ जानेवारीला निघायचं आणि १४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, एका गच्चीवर पोहोचायचं. सकाळी झोंबरी थंडी असते, तेव्हा स्वेटर विसरू नका. वाटेत कोपऱ्यावर गरमागरम तर्री-पोहे खाऊ. चला तर मग!

आता तुम्ही विचाराल, २ तारीखच का? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानंतर आठ महिन्यांनी, २ जानेवारी १९६१ रोजी, तेव्हाचे पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज मिळाला. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी २ जानेवारीपासून आठवडाभर पोलीस आपली दारं मुलांसाठी उघडतात. एरवी ज्या इमारतीसमोरून आपण जरा भरभर पावलं टाकत जातो, त्या पोलीस ठाण्यात या आठवड्यात शाळाच्या शाळा रांगेनं जातात.

आत गेलं की काय दिसतं? दाराजवळच्या टेबलाशी ठाणे अंमलदार बसलेले असतात. तक्रार घेऊन येणारा माणूस आधी त्यांच्याकडे जातो. दिवसभरात काय काय घडलं, त्याची वेळेसह नोंद ठेवणारी स्टेशन डायरी असते. बिनतारी यंत्रावर सतत खरखर चाललेली असते. रिकामी कोठडी पाहताना सगळे एकदम चिडीचूप होतात बरं का! मग बंदुका दाखवतात आणि बेड्या कशा लागतात ते समजावून सांगतात. कधीकधी श्वानपथकातला एखादा ऐटबाज कुत्राही आलेला असतो. मग काय, बंदुकांकडे कोण बघतो!

या गडबडीत एक गोष्ट मात्र नीट पाहा. महाराष्ट्र पोलिसांचं बोधचिन्ह. त्यात पाच टोकांचा तारा आहे आणि एक उघडा पंजा आहे. देवाच्या मूर्तीचा आशीर्वाद देणारा हात असतो ना, तसा. 'भिऊ नकोस' असं सांगणारा. खाली ब्रीदवाक्य आहे : 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. म्हणजे सज्जनांचं रक्षण करण्यासाठी आणि दुर्जनांना आवर घालण्यासाठी. हा पंजा लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. 'जेवला नाहीस तर पोलिसाला बोलावीन हं!' असं आपण कितीदा म्हणतो? मूल चार घास जास्त खातं, हे खरं. पण विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा इतवारी-महालातल्या गल्ल्यांत मुंगीला शिरायला जागा नसते. अशा गर्दीत बोट सुटलं, तर मुलानं कुणाकडे धावायचं? समोर उभ्या असलेल्या पोलिसाकडेच ना? आणि नेमकं त्यालाच पाहून ते उलट्या दिशेला पळालं तर? घासाघासाला दाखवलेली भीती अशी महागात पडते.

आणि मित्रांनो, पोलीस जवळ दिसत नसले तर ११२ हा नंबर आहेच. पूर्वी १०० होता. आता पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन अशा सगळ्या तातडीच्या मदतीसाठी ११२. गंमत म्हणजे महाराष्ट्रात हे फोन घेणारं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं आपल्या नागपुरात! मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा वेगळा नंबरही आहे. फोन लागला की तीन गोष्टी सांगायच्या : मी कोण, मी कुठे आहे आणि काय झालंय. 'कुठे' हे सांगायला सगळ्यात जास्त लोक विसरतात. म्हणून आपल्या घराचा पत्ता, जवळची खूण आणि चौकाचं नाव आजच पाठ करून टाका. आणि गंमत म्हणून हा नंबर कधीही फिरवायचा नाही. तुमची गंमत चालू असताना खऱ्या संकटातला कुणीतरी ताटकळत असेल.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला मोठ्या माणसांनाही अवघड वाटतं. म्हणून नागपूर पोलिसांनी २०१७ साली 'भरोसा सेल' सुरू केला. घरात त्रास होणाऱ्या स्त्रिया, मुलं, एकटे पडलेले आजी-आजोबा यांना एकाच छपराखाली सल्ला, आधार आणि कायद्याची मदत मिळावी, हा त्यामागचा विचार. नावच किती छान आहे, नाही? भरोसा!

इथून आपण बर्डीला येऊ. पाटीवर 'सीताबर्डी' असलं तरी नागपूरकर 'बर्डी'च म्हणणार. तिथून मेट्रोनं शंकरनगर चौक आणि पुढे धरमपेठ. धरमपेठेत एक बाग आहे, तिचं नावच 'ट्रॅफिक पार्क'! आत छोटे छोटे रस्ते, सिग्नल, खुणांच्या पाट्या आणि मुलांची आगगाडी. खेळता खेळता वाहतुकीचे नियम कळावेत, म्हणून केलेली ही बाग. इथे लाल दिवा लागला की चिमुरडी पोरं कशी टाच जुळवून उभी राहतात! पण बागेचं फाटक ओलांडून बाहेर आलं की खरी परीक्षा. तोच लाल दिवा, तेच पट्टे आणि 'कोणी नाही, चल, चल' म्हणत स्कूटर पुढे दामटणारे काका. मागच्या सीटवर त्यांचा मुलगा. त्याला ट्रॅफिक पार्कात जे कळलं, ते एका क्षणात पुसलं गेलं.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा चौकाचौकांत पोलीस हेच समजावत असतात. चार वर्षांवरच्या मुलांनाही दुचाकीवर हेल्मेट हवंच. आणि शिकवणीला जायला स्कूटर मागणाऱ्या दादा-ताईंनो, जरा इकडे कान द्या. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार पालकांना किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. चावी तुमच्या हातात, शिक्षा बाबांना!

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गांधीसागर तलावाजवळची जुनी शुक्रवारी. संक्रांतीच्या आधी इथे नुसती रंगांची उधळण असते. पतंगांचे गठ्ठेच्या गठ्ठे, मांजाच्या चक्र्या, आणि 'भाऊ, पक्का मांजा दाखव ना' म्हणणारी पोरं. मीही त्यातलाच. माझ्या उजव्या तर्जनीवर मांजानं कापल्याची बारीक पांढरी रेघ अजून आहे. बोटाला चिकटपट्टी गुंडाळून दिवसभर पेच लढवायचे आणि संध्याकाळी त्याच दुखऱ्या बोटांनी तिळगूळ खायचा. आमचा मांजा सुती होता, काचेची पूड लावून सुतवलेला. तो कापायचा, पण ताण आला की तुटायचाही.

नायलॉनचा मांजा तसा नाही. तो ताणला तर लांबतो, पण लवकर तुटत नाही. झाडावर, तारांवर, खांबांवर अडकून महिनोन् महिने तसाच लोंबतो. पावसानं कुजत नाही. उडणाऱ्या पाखराला तो दिसत नाही आणि गाडीवरून येणाऱ्या माणसालाही दिसत नाही. लोक त्याला 'चिनी मांजा' म्हणतात, पण बराचसा आपल्याच देशात तयार होतो. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. तरीही २०२१ च्या जानेवारीत नागपुरात दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याचा या दोऱ्यानं जीव घेतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मग स्वतःहून हा विषय हाती घेतला. आणि २०२३ च्या संक्रांतीला वडिलांबरोबर दुचाकीवर असलेला एक शाळकरी मुलगा गेला. तुमच्याच वयाचा. कुणाचा तरी पतंग त्या दिवशी आकाशात मजेत उडत असेल. त्या उडवणाऱ्याला आजही ठाऊक नसेल, खाली काय झालं ते.

पोलीस काय करतात? दुकानांवर, गोदामांवर धाडी घालतात. जप्त केलेल्या चक्र्या अवजड यंत्राखाली चिरडून टाकतात. शाळांमध्ये येऊन मुलांना शपथ देतात. आणि अलीकडे संक्रांतीच्या दिवशी शहरातले उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवतात. कारण पुलावरून जाताना गळा आणि मांजा एकाच उंचीवर येतात ना! एरवी गजबजलेला पूल त्या दिवशी कसा सुना दिसतो, ते एकदा पाहाच.

त्यातल्या बर्डीच्या पुलाचं नाव आहे शहीद गोवारी उड्डाणपूल. हे नाव का, ठाऊक आहे? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन हजारो गोवारी बांधव विधानभवनाकडे आले होते. गर्दी अडवली गेली, पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया होत्या, लेकरंही होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथे घटकाभर उभे राहा. बोधचिन्हातला 'भिऊ नकोस' म्हणणारा पंजा नुसता चित्रात असून भागत नाही. तो गर्दीसमोर, खऱ्या माणसांसमोर, दर दिवशी खरा करून दाखवावा लागतो. पोलिसांनाही आणि आपल्यालाही.

आणि आता १४ जानेवारी. आपण गच्चीवर पोहोचलो! चारी बाजूंच्या गच्च्यांवर माणसंच माणसं. गाणी वाजताहेत. 'ओऽऽ काट!' असा गजर उठतोय. खाली चौकात पोलीस आहे, पुलाच्या तोंडाशी पोलीस आहे, बाजारात पोलीस आहे. पण मित्रांनो, एक सांगा, इथे गच्चीवर कुणी आहे का?

कुणीच नाही. एवढ्या मोठ्या शहरात लाखो गच्च्या! प्रत्येकीवर एक पोलीस उभा करायचा म्हटलं, तर सगळ्या महाराष्ट्राचे पोलीस आणले तरी पुरायचे नाहीत. इथे तुम्हीच आहात. शेजारचा दादा नायलॉनची चक्री पुढे करतो, 'घे रे, याला कोणीच कापू शकत नाही!' तेव्हा नाही म्हणायचं की हो, हे तुम्हीच ठरवणार.

त्याला एक गोष्ट जरूर सांगा. पेच म्हणजे काय? कधी मी तुझी कापीन, कधी तू माझी. कधी ढील द्यायची, कधी खेचायची, याचं कसब. ज्याचा दोरा कापलाच जात नाही, तो खेळतोय तरी काय? हरण्याची भीती नसलेल्या खेळात जिंकण्याची मजा कुठून येणार!

आणखी थोडं. कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवायचा नाही. कटलेल्या पतंगामागे रस्त्यावर धावायचं नाही. पतंग पाच रुपयांचा, जीव मोलाचा. विजेच्या तारेत अडकलेला पतंग काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात, झाडावर हाताला लागेल तेवढा तुटका मांजा गोळा करून, गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. मांजात अडकलेलं पाखरू दिसलं, तर ओढाओढ करू नका. दोरा दोन्ही बाजूंनी कापा, पाखराला खोक्यात अलगद ठेवा आणि मोठ्यांना सांगा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे. तिथे अशा जखमी पाखरांची शुश्रूषा होते.

आपली सहल संपत आली. आता घरी जाताना चौकातल्या वाहतूक पोलिसाकडे पाहा. पांढरा सदरा, खाकी पँट, आणि समोर धरलेला उघडा पंजा. तोच बोधचिन्हातला! गाड्यांना तो म्हणतो, 'थांबा.' आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजीला तोच पंजा म्हणतो, 'या, भिऊ नका.'

गच्चीवर नायलॉनची चक्री पुढे आली, की तुम्हीही तुमचा पंजा असाच पुढे करा. खाली रस्त्यावरून कुणीतरी आपल्या बाबांच्या मागे बसून तिळगूळ द्यायला निघालं असेल. त्याला तुमचं नाव कधीच कळणार नाही. पण ते घरी सुखरूप पोहोचेल.